दोरा न सोडलेली मेथी आणि बाबांची बादली

१४ जानेवारी २०२४, रविवार. भोगी होती. सकाळी साडेसातला मी पुण्यातल्या महात्मा फुले मंडईत, हातात दोन पिशव्या, खिशात आईने सांगितलेली यादी: वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे घाटे, बोरं. यादीत मेथी नव्हती. पण जानेवारीतली मेथी, तीही वीस रुपयांना तीन गड्ड्या म्हटल्यावर राहवेना. घरी आलो तेव्हा पिशव्यांतून दोन किलो गाजर (हलव्याचा विचार होता), अख्खा कोबी, मुळे, एक पपई आणि तीन मेथ्या निघाल्या. आई म्हणाली, "एवढं कोण निवडणार?" मी म्हटलं, "मी निवडतो ना संध्याकाळी." ती संध्याकाळ काही आली नाही.

शनिवारी, २० तारखेला, कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी आमची ओल्या कचऱ्याची बादली पालथी केली आणि त्यातून एक गड्डी उचलून माझ्यासमोर धरली. बाहेरून पिवळी, आतून चिकट झालेली, पण सुतळीची गाठ मंडईत होती तशीच. "दादा," त्या म्हणाल्या, "दोरा तरी सोडायचा." आणि गाडी ढकलत पुढच्या बिल्डिंगकडे गेल्या. त्या चिडल्या असत्या तर मीही काहीतरी बोललो असतो. त्या चिडल्या नव्हत्या, त्यामुळे दिवसभर ती गाठच डोळ्यांसमोर येत राहिली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मधल्या काळात सोसायटीतल्या तीन-चार घरांनी विचारलं, वाया जाणारं अन्न मोजायची वही कशी ठेवली, काटा कुठला घेतला, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय. चुकलो तेही लिहितो. चुकलो बरंच.

आमच्या घरात पाच माणसं. आई पंचाहत्तरीची, मी, बायको, अकरावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. आम्ही दोघं नोकरी करतो. पोळ्या करायला मावशी येतात, बाकीचा स्वयंपाक आई आणि बायको मिळून करतात. बाजार माझ्याकडे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

पाच किलोपर्यंतचा, बॅटरीवर चालणारा स्वयंपाकघरातला काटा आणला, ४५० रुपयांना. सोमवारी, २९ जानेवारीला, दोन बादल्या मांडल्या. एकीत सालं, देठं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं. दुसरीत जे कधीतरी खाण्यासारखं होतं ते सगळं. रात्री दोन्ही बादल्या काट्यावर आणि आकडे वहीत, इतकाच नियम. पहिल्याच दिवशी तंटे सुरू झाले. दुधीची साल कुठल्या बादलीत? आई म्हणाली, "दुसरीत. तिची चटणी होते." कोथिंबिरीचे देठ? दुसरीत, वाटणात जातात. दोडक्याच्या शिरा? दुसरीत. मुळ्याचा पाला? "पाल्याची भाजी तुला आवडायची," आई म्हणाली. अशा रीतीने आमची दुसरी बादली न्यायालयाच्या आदेशाने मोठी होत गेली.

पहिल्या आठवड्याचा हिशेब: पहिली बादली ५ किलो ३५० ग्रॅम, दुसरी २ किलो ७४० ग्रॅम. मी मुलांवर ओरडायची तयारी करून बसलो होतो, कारण माझ्या मते नासाडी पानात होते. पानात टाकलेलं सगळं मिळून निघालं १८० ग्रॅम. बाकीचं काय, तर अर्धी पपई, पाण्यासारख्या झालेल्या दोन काकड्या, मधूनच काळा पडलेला फ्लॉवर, नासलेलं दूध, ब्रेडचे सहा स्लाइस, रोजच्या उरलेल्या पोळ्या आणि पिशवीतच काळी पडलेली कोथिंबीर. दोन तृतीयांश वजन अशा गोष्टींचं होतं ज्या गॅसपर्यंत पोचल्याच नव्हत्या. मुलाने मार्कर घेतला आणि दुसऱ्या बादलीवर लिहिलं, 'बाबांची बादली'. ते अक्षर अजून आहे. पुसलं जात नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाबांची बादली २ किलो १०० वर आली. तिसऱ्यात १ किलो ५०. चौथ्यात ६०० ग्रॅम. मी ऑफिसात सांगत सुटलो की नुसतं मोजायला लागा, निम्मं काम होतं. बाजारात मी तोवर काहीही बदललं नव्हतं, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

सोमवारी, २६ फेब्रुवारीला पहाटे आईला उलट्या सुरू झाल्या. सकाळी दवाखान्यात नेलं. तपासणीचे ६०० रुपये, औषधांचे ३४०. डॉक्टरांनी विचारलं, काल काय खाल्लं? आई म्हणाली, नेहमीचंच. मग हळूहळू निघालं: शनिवारी रात्रीचा भात रविवारी दुपारी, थोडीशी आंबूस लागलेली आमटी, आणि "तो तुकडा वाया जाईल म्हणून" पनीरची भाजी. डॉक्टर म्हणाले की नेमकं कशाने झालं ते सांगता येणार नाही, पण शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी गरम केला म्हणजे तो चांगला झाला, असं समजू नका. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

परतताना रिक्षात मी आईला विचारलं, अगं, टाकून द्यायचंस ना. ती म्हणाली, "तू लिहून ठेवतोस. मग टाकायचं कसं?"

माझी वही आणि तिची आमटी या दोन गोष्टी मी तोपर्यंत एकत्र पाहिल्याच नव्हत्या. बादलीतलं वजन कमी झालं होतं, कारण ते आईच्या पोटात जात होतं. आणि हे माझ्या वहीने सुरू केलं नव्हतं, वाढवलं फक्त. लहानपणापासून मी तिला ओट्याशी उभी राहून पातेलं निपटताना पाहत आलोय. त्याला आमच्या घरात 'आईला शिळं आवडतं' असं म्हणत.

मार्चपासून वहीत तिसरा रकाना आला: कोणी संपवलं. आदल्या वेळचं उरलेलं जे कोणी खाईल त्याचं नाव. दोन आठवड्यांत ३१ नोंदी झाल्या. आई १९, बायको ८, मी ३, मुलगी १, मुलगा शून्य. माझ्या तीनपैकी एक नोंद श्रीखंडाची होती, तेव्हा ती धरू नका. हे पान मी फ्रिजच्या दारावर लावलं. त्यावर कोणी काही बोललं नाही, पण त्या रात्री मुलीने न विचारता फोडणीचा भात घेतला.

तुम्ही हे करणार असाल तर माझं ऐका, तिसरा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. नुसती बादली मोजलीत तर घरातलं जे माणूस कमी बोलतं, ते बादलीच्या जागी उभं राहतं.

त्यानंतर खरं काम सुरू झालं, आणि ते दोनच गोष्टींचं होतं: कमी आणणं आणि कमी शिजवणं. दोन्ही अवघड. आधी शिजवण्याचं सांगतो.

पोळ्यांच्या मावशी रोज बावीस पोळ्या करायच्या. का बावीस, हे कोणालाच आठवत नव्हतं. बहुधा माझे बाबा होते तेव्हाचा आकडा असावा. मोजलं तर लागत होत्या पंधरा-सोळा. आता मावशींना सांगायचं कोणी? आम्ही आठवडाभर एकमेकांवर ढकललं. शेवटी बायकोने सांगितलं, तेव्हा मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे पैसे कमी करणार का?" पगार तोच राहील असं स्पष्ट सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाही का, वीस मिनिटं वाचली असती माझी रोज." आता स्वयंपाकघराच्या दाराशी मुलाची जुनी पाटी टांगली आहे. रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येकाने उद्याच्या डब्याच्या आणि जेवणाच्या पोळ्या लिहायच्या. जो लिहिणार नाही, त्याच्या दोन धरायच्या. भाताचंही तसंच: आधी अंदाजाने तांदूळ घेतले जायचे, आता एकाच ठरलेल्या वाटीने, आणि ती वाटी तांदळाच्या डब्यातच राहते. या वाटीने जितकं काम केलं तितकं माझ्या सगळ्या भाषणांनी केलं नाही.

आता बाजार. 'पाव किलो' हा शब्द तोंडातून काढायला मला दोन रविवार लागले. वीस वर्षं ज्या गाळ्यावर मी किलोच्या खाली बोललो नाही, तिथे जाऊन पाव किलो भेंडी मागायची. गाळ्यावरच्या मावशींनी भेंडी तोलता तोलता विचारलं, "घरी कोणी नाही का?" मी म्हटलं, सगळे आहेत. "मग?" मी त्यांना मेथीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमचं नुकसान करताय की." ते खरंच होतं, आणि त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

रविवारी निघण्यापूर्वी फ्रिजचा आणि कांद्या-बटाट्याच्या टोपलीचा फोटो काढायचा, ही युक्ती मुलीची. यादीपेक्षा फोटो बरा, कारण यादीत काय हवं ते असतं, फोटोत काय आहे ते दिसतं. मंडईत उभं राहून फोन उघडला की तो अर्धा कोबी आपल्याकडे बघत असतो. आठवड्याचा बाजार एकदम करायचं थांबवलं. रविवारी मंडईतून चार दिवसांपुरतं, गुरुवारी संध्याकाळी घराजवळच्या हातगाडीवरून उरलेलं. हातगाडीवर किलोमागे दहा-पंधरा रुपये जास्त पडतात. पहिल्या महिन्यात मला ते टोचायचं. मग लक्षात आलं की मंडईतली स्वस्त भाजी मी दर आठवड्याला पाऊण किलो फेकत होतो, म्हणजे ती स्वस्त नव्हतीच. खायचा क्रमही ठरला. पालेभाजी रविवार-सोमवारी, मग भेंडी, गवार, वांगी, आणि कोबी, गाजर, दुधी, भोपळा शेवटी. हे सगळ्या आयांना माहीत असतं. मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्या ॲपचाही हिशेब वहीत निघाला. अमुक रकमेच्या वर गेलं की पोचवणावळ माफ, म्हणून आम्ही दुधाच्या पिशवीबरोबर मशरूमचं पाकीट मागवायचो. एका महिन्यात तीन मशरूमची पाकिटं बाबांच्या बादलीत गेली. पंचवीस रुपये वाचवायला साठ रुपयांचे मशरूम. आता पोचवणावळ भरतो, किंवा खाली जाऊन दूध आणतो.

मार्चच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अन्नाच्या नासाडीवरचा अहवाल आला. जगभरात २०२२ साली वाया गेलेल्या अन्नातलं ६० टक्के घराघरांत वाया गेलं, असं त्यात होतं. भारताचा घरगुती अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो, सालं-देठं धरून. पाच माणसांचे २७५ किलो, म्हणजे आठवड्याला सव्वापाच किलोच्या आसपास. आमचा पहिला आठवडा आठ किलोंच्या वर होता. ते वाचून मी वहीतलं ते पान उलटलं आणि पुढे गेलो.

एप्रिलमध्ये वेगळंच निघालं. दूध दोनदा नासलं, दही एका दिवसात आंबट. आधी दूधवाल्यावर संशय घेतला (त्यांची माफी नंतर मागितली). मग कोणीतरी सांगितलं की फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. घट्ट धरून राहिली तर रबर ठीक. आमची पट्टी खालच्या कोपऱ्यात लोण्यातून सुरी काढावी तशी निघाली. अडीचशे रुपयांचा थर्मामीटर रात्रभर वरच्या कप्प्यात ठेवला, सकाळी ११ अंश. हवे होते पाचच्या आत. म्हणजे आम्ही अन्न एका थंडशा कपाटात ठेवत होतो.

८ एप्रिलला कंपनीकडे तक्रार नोंदवली. १२ तारखेला माणूस आला, रबर पाहिलं, गेलंय म्हणाला, भेटीचे ४७२ रुपये घेतले आणि रबर मागवावं लागेल म्हणून गेला. २१ला आला तो दुसऱ्याच मॉडेलचं रबर घेऊन. ते चार बोटं लांब होतं. "कापून बसवू का?" मी नको म्हटलं. २५ला बरोबर आलं, बसवायला वीस मिनिटं, ११८० रुपये. एकूण १६५२ रुपये आणि सतरा दिवस. एक सांगून ठेवतो: फ्रिजच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबरचं स्टिकर असतं, त्याचा फोटो तक्रार नोंदवतानाच पाठवा. मी फोनवर नंबर वाचून दाखवला होता आणि पलीकडे 'बी'चं 'डी' झालं. त्या सतरा दिवसांत दूध दिवसाला अर्धा लिटर आणि भाजी रोजची रोज आणली. गंमत म्हणजे वर्षातले सगळ्यात कमी आकडे त्याच दिवसांतले आहेत.

फ्रिज दुरुस्त झाल्यावर मधल्या कप्प्यात डोळ्यांसमोर एक छोटी परात ठेवली. आज-उद्या संपवायलाच हवं ते सगळं परातीत: अर्धा टोमॅटो, वाटीभर उसळ, कापलेलं लिंबू. बुधवारची रात्र परातीची. वरण उरलं असेल तर वरणफळं, पोळ्या असतील तर कांदा-मिरची घालून कुस्करा, भाज्यांची तुकडी-तुकडी जमली असेल तर सगळं किसून थालिपीठ. मुलाला बुधवार आवडायचा नाही. अजूनही फारसा आवडत नाही, पण थालिपिठाबरोबर लोणी असेल तर चालतो. आईला मात्र बुधवारी स्वतःच्या ताटात इतरांइतकंच वाढून बसायचं, हा नियम. पहिले काही बुधवार ती अवघडून बसायची.

उन्हाळ्याचं थोडक्यात. हापूसची पेटी शेजाऱ्यांबरोबर निम्मी वाटून घेतली. रोज सकाळी सगळे आंबे एकदा हातात घेऊन बघायचे आणि देठाशी मऊ झालेले त्याच दिवशी खायचे. एकही टाकला नाही. पावसाळ्यात वेगळी अडचण. बाजरीचं पीठ कडू झालं, दाण्याचं कूट खवट, रव्यात जाळी. बाजरी पाच किलो दळून आणणारा मीच होतो, गिरणीत दोनदा रांग लावावी लागू नये म्हणून. बाजरीचं पीठ पंधरा दिवसांच्या वर ठेवायचंच नाही, असं गिरणीवाले काका म्हणाले. आता किलोच्या वर दळत नाही.

जुलैच्या एका रविवारी मुलीने कपाट आवरायला काढलं आणि तारीख उलटलेल्या पाकिटांचा ढीग टाकायला निघाली. तिला थांबवलं. पाकिटावर 'बेस्ट बिफोर' लिहिलं असेल तर ती चवीची, दर्जाची तारीख असते. ती उलटली की वस्तू लगेच खराब होते असं नाही, उघडून बघायचं, वास घ्यायचा. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' लिहिलं असेल तर मात्र खायचं नाही. ढिगातले शेवयांचे दोन पुडे आणि पोह्यांचं पाकीट वाचलं. सॉसच्या तीन अर्ध्या बाटल्या गेल्या. सॉस कोणी आणले, हे मी लिहीत नाही.

त्याच महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली, ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यांबद्दल. घनकचऱ्याच्या तेव्हा लागू असलेल्या २०१६च्या नियमांनुसार पाच हजार चौरस मीटरच्या वरच्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता, आमचं आवार त्यात बसत होतं. दोन तास चर्चा झाली, त्यातला सव्वा तास वास येईल का यावर. गांडूळखताचा प्रकल्प खरोखर चालू असेल तर पुण्यात मिळकतकरात सवलत मिळते, हे कळल्यावर हात पटापट वर झाले. खड्डे झाले, चालू आहेत, छान आहे. पण माझं एक निरीक्षण आहे. खड्डे झाल्यापासून आमच्याच मजल्यावर 'खतच होतंय ना' असं म्हणत भात टाकणारे वाढले. ज्याला पिकवायला पाणी लागलं, मंडईत यायला डिझेल लागलं, शिजवायला गॅस लागला, त्या भाताचं खत करणं म्हणजे फार महाग खत. खड्डा सालांसाठी असावा.

मग आल्या गौरी. ११ सप्टेंबर, बुधवार. जेवायला बावीस माणसं धरली होती, आली सतरा. पंचवीस माणसांचा स्वयंपाक, कारण गौरीला कमी पडता कामा नये. सोळा भाज्यांची भाजी, वरण-भात, पुरणपोळ्या, कढी, वडे, दोन कोशिंबिरी. त्या आठवड्यात बाबांची बादली ३ किलो ९००. पहिल्या आठवड्यापेक्षा जास्त. वहीत आकडा लिहिताना हात आखडला होता.

पण त्या दिवसातली मनाला लागलेली गोष्ट ती नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने उरलेलं सगळं डब्यात भरून पोळ्यांच्या मावशींना दिलं. नेहमीच द्यायची. वहीच्या तिसऱ्या रकान्यात 'मावशी' अशी नोंद मी कित्येकदा केली होती आणि ती चांगली नोंद समजत होतो. मावशींनी डबा घेतला, आणि जाता जाता दारात मला हळूच म्हणाल्या, "दादा, द्यायचं असेल तर आदल्या दिवशीच देत जा. ताजं असतं तेव्हा. दुसऱ्या दिवशीचं घरी नेऊन मलाच टाकावं लागतं, आणि घरी टाकलेलं पोरं बघतात."

ते मी वहीत लिहिलं नाही. आईला सांगितलं, तीन दिवसांनी. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या सासूबाई मला असंच द्यायच्या."

त्यानंतर सणावाराला दोन गोष्टी बदलल्या. आदल्या दिवशी दुपारपर्यंत येणाऱ्यांची नक्की संख्या फोन करून घ्यायची, त्यात संकोच नाही. आणि पाहुण्यांची पंगत बसण्याआधीच मावशींचा डबा भरायचा. उरलेलं पाहुण्यांनाच त्या रात्री बांधून द्यायचं, म्हणून घरातले झाकणाचे रिकामे डबे टाकणं बंद केलं. दिवाळीत फराळ निम्मा केला. चकल्या कमी झाल्याची तक्रार एकाच माणसाने केली, तो हे लिहितोय.

डिसेंबरच्या चार आठवड्यांची सरासरी: बाबांची बादली ८५० ग्रॅम. फेब्रुवारीतल्या त्या खोट्या ६०० पेक्षा जास्तच, पण हा आकडा खरा आहे. तिसऱ्या रकान्यात डिसेंबरभरात ३४ नोंदी: मी ११, मुलगी ७, बायको ७, आई ६, मुलगा ३. भाजी, फळं, दूध मिळून महिन्याचा खर्च जानेवारीत ९,४०० होता, डिसेंबरमध्ये ८,१००. त्यात मंडईतल्या भावांची वर-खाली आहेच, सगळं श्रेय वहीला देत नाही. काटा, थर्मामीटर आणि फ्रिजचं रबर मिळून २,३५२ रुपये गेले. कोथिंबीर अजून जमलेली नाही. न धुता, निवडून, जुन्या सुती पंचाच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात ठेवली की आठवडाभर टिकते, हे मला माहीत आहे. पण निवडायचा कंटाळा येतो आणि मग ती पिशवीतच काळी पडते.

१२ जानेवारी २०२५ला, भोगीच्या आदल्या दिवशी, पुन्हा मंडईत गेलो. मेथी वीसला तीन. "एक द्या," म्हटलं. मावशींनी दहा रुपये घेतले, एक दिली आणि ओळखीची म्हणून वर दुसरीही पिशवीत टाकली. घरी आल्यावर आधी दोन्ही गड्ड्यांचा दोरा सोडला, पेपर पसरला आणि मुलाला हाक मारली. तासभर निवडत बसलो. तो देठं जरा जास्तच ठेवत होता.

निवडून झाल्यावर मेथीचा डबा ठेवायला फ्रिज उघडला. परातीत आदल्या रात्रीच्या आमटीची वाटी होती, सकाळी मी पाहिली होती. आता ती ओट्यावर होती, घासून पालथी घातलेली. वहीत नोंद नव्हती. "आमटी कोणी संपवली?" मी स्वयंपाकघरातूनच विचारलं. कोणी ओ दिली नाही. बाहेर आई पेपर वाचत होती, आणि तो उलटा होता.